गोवराचा नमुना: कोणाचा, कोणता आणि कितव्या दिवशी

मी पाठवलेला पहिला गोवराचा नमुना निगेटिव्ह आला. चार वर्षांची पोरगी होती. अंग भाजत होतं, डोळे लाल, नाक वाहतंय, आणि कानामागून उठलेलं पुरळ मानेवर उतरत होतं. रक्त घेतलं, सिरम (गुठळी झाल्यावर वर राहणारं पाणी) वेगळं केलं, बर्फात घालून पाठवलं. निकाल ‘निगेटिव्ह’ आला तेव्हा हायसं वाटलं आणि फाईल कपाटात गेली. तीन आठवड्यांनी त्याच गल्लीत आठ पोरं तापाने फणफणत होती.

नळी बरोबर होती, वाहतूक बरोबर होती, तपासणाऱ्यांचीही काही चूक नव्हती. रक्त मी पुरळ उठल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलं होतं, आणि निकाल निगेटिव्ह आल्यावर पुन्हा घ्यायला गेलो नव्हतो. एवढंच.

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लॅब टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढल्यावर हे लिहितोय. नव्याने लागलेले टेक्निशियन, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर आणि आशाताई यांच्यासाठी आहे. प्रशिक्षणात सगळं सांगतात, पण एका दिवसात, आणि गोवराची पाळी जेवणानंतर येते.

1. आधी पेशंट ठरवा

व्याख्या सोपी आहे: ताप आणि अंगावर पुरळ. पुरळ लाल, सपाट किंवा जरासं उठलेलं हवं, त्यात पाणी भरलेलं नसावं. वय कोणतंही असो. खोकला, वाहतं नाक, लाल डोळे असले तर संशय पक्का होतो, पण ते नाहीत म्हणून पेशंट सोडू नका.

पाण्याचे फोड दिसले तर त्या कांजिण्या. ताप नाही, गांधी उठल्यात, खाज सुटलीय आणि तासाभरात जागा बदलतात, तर ते पित्त. उन्हाळ्यात घामोळंही दाखवायला आणतात. गोवराचं पुरळ कानामागे, केसांच्या रेषेपाशी सुरू होतं, मग चेहरा, मान, छाती, पोट असं दोन-तीन दिवसांत पायांपर्यंत उतरतं. अगदी लवकर गेलात तर टॉर्च घेऊन गालाच्या आत, दाढांच्या समोर बघा. लालसर जागेवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर ते कॉप्लिकचे डाग. पुरळ उठल्यावर एक-दोन दिवसांत ते जातात, म्हणून दिसले नाहीत तरी त्यावरून काही ठरवू नका.

लोकांच्या शब्दावर मात्र निदान टाकू नका. आपल्याकडे गोवर, कांजिण्या, कधी कधी नागीणसुद्धा ‘देवीचं आलंय’ या एकाच वाक्यात बसते. कन्नड घरात ‘दडार’ म्हणतील. शब्द ऐकून घ्या आणि सदरा वर करून स्वतः बघा.

दोन सापळे इथेच आहेत. पहिला: ‘लस झालीय, म्हणजे गोवर नाही.’ नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस साधारण 85 टक्के मुलांना संरक्षण देतो, म्हणजे शंभरातली पंधराएक पोरं दुसऱ्या डोसापर्यंत उघडीच राहतात. दुसरा: ‘मोठ्या माणसाला कुठला गोवर?’ ऊसतोडीच्या टोळीतल्या बावीस वर्षांच्या बाईचा नमुना मी स्वतः पाठवलाय आणि तो पॉझिटिव्ह आलाय.

डेंगी वाटतोय, औषधाची रिअॅक्शन वाटतेय, तरी ताप-पुरळ व्याख्येत बसत असेल तर नमुना घ्या. नमुने निगेटिव्ह येणं हीसुद्धा कामाचीच खूण आहे. लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान 2 संशयित तपासून ‘गोवरही नाही, रुबेलाही नाही’ असे निघाले पाहिजेत (रुबेला म्हणजे ताप-पुरळाचाच दुसरा विषाणूजन्य आजार), तेव्हा सर्वेक्षण जागं आहे असं धरतात. त्यामुळे कोणी ‘कशाला निगेटिव्ह पाठवता’ म्हणालं तर मनावर घेऊ नका.

2. पुरळाची तारीख काढा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

गोवराच्या नमुन्याचं घड्याळ तापापासून चालत नाही, दवाखान्यात आल्यापासूनही नाही. अंगावर पहिलं पुरळ दिसलं तो दिवस शून्य. ताप त्याच्या दोन ते चार दिवस आधी आलेला असतो. फॉर्मवर दोन्ही तारखांना वेगळी जागा आहे, आणि घाईत दोन्हीकडे एकच तारीख भरलेले फॉर्म मी किती पाहिलेत सांगू नये. त्याहून वाईट म्हणजे ओपीडीच्या चिठ्ठीवरची तारीखच ‘पुरळाची तारीख’ म्हणून उतरवणं.

आता ही तारीख मिळवायची कशी? ‘पुरळ कधी उठलं?’ असं विचारलंत की उत्तर येतं, “झाले की चार-आठ दिवस.” आपल्या भाषेतलं हे ‘चार-आठ’ ऐकायला गोड आहे, पण नमुन्याच्या हिशेबात चौथा दिवस आणि आठवा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून तारीख विचारूच नका. वार विचारा, बाजार विचारा, उपवास विचारा. जांबोटीच्या बाजूला एका घरात झालेलं बोलणं मला अजून आठवतं:

“आज्जी, बाजाराच्या दिवशी पोरगं बरोबर होतं काय?”

“होतं की. भडंगासाठी रडून जीव खाल्लान.”

“तेव्हा तोंडावर काय होतं?”

“काय नव्हतं. घरी आल्यावर राती अंग तापलं.”

“आणि पुरळ?”

“ते सोमवारी. माझा उपवास, म्हणून ध्यानात आहे. तोंड पुसायला घेतलं तर कानामागं लालेलाल.”

बाजार रविवारचा, ताप रविवारी रात्री, पुरळ सोमवारी. हे जरा जवळ वाटलं, म्हणून आईला वेगळं विचारलं. ताप आधीच्या शुक्रवारपासून होता, आज्जीला रविवारी कळला. पुरळाचा सोमवार मात्र दोघींचा जुळला. आपल्याला तोच हवा होता.

शाळेत जाणारं पोर असेल तर शाळेचा शेवटचा दिवस विचारा. अंगणवाडीच्या ताईंची हजेरी तर सोन्यासारखी. आई छातीवरचं पुरळ बघून दिवस सांगत असेल तर त्याच्या एक-दोन दिवस आधी ते कानामागे आलेलं असणार, तेही विचारून घ्या. तारीख ठरली की तिथेच, त्या घरातच कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. समजा पुरळ 10 मार्चला उठलं. 10 मार्च शून्य, 12 मार्च दुसरा दिवस, 14 मार्च चौथा, 7 एप्रिल अठ्ठाविसावा.

3. दिवसाप्रमाणे नमुना निवडा

प्रयोगशाळा दोन गोष्टी शोधते: रक्तातलं आयजीएम, म्हणजे शरीराने नुकतंच तयार केलेलं प्रतिपिंड, आणि खुद्द विषाणूचा अंश. पहिल्यासाठी एलायझा, दुसऱ्यासाठी आरटी-पीसीआर. यातली गोम अशी की दोघांची वेळ उलटी आहे. विषाणू घशात सुरुवातीला भरपूर असतो आणि लगेच ओसरतो. आयजीएम हळूहळू चढतं आणि मग महिनाभर टिकतं.

पहिल्या तीन दिवसांत आलेला पेशंट: घशाचा किंवा नाकाच्या मागच्या भागाचा स्वॅब घ्या, आणि रक्तही घ्या. स्वॅबला हीच वेळ सर्वांत चांगली. रक्ताचं मात्र ध्यानात ठेवा, या दिवसांत घेतलेल्या रक्तात साधारण चारातल्या एका खऱ्या गोवराचं आयजीएम अजून दिसत नाही. माझ्या त्या चार वर्षांच्या पोरीचं हेच झालं. म्हणून या काळातलं रक्त निगेटिव्ह आलं आणि संशय कायम असला तर दुसरं रक्त घ्यायचंच. मग पहिल्यांदा घेऊच नये का? घ्यावं. पेशंट परत भेटेल याची खात्री आपल्या भागात कोण देणार? ऊसतोडीची टोळी फड संपला की दुसऱ्या कारखान्याला, आणि वीटभट्टीवरचं कुटुंब पाऊस आला की गावी.

चौथ्या ते सातव्या दिवशी आलेला पेशंट: हा आपला लाडका. रक्त भरवशाचं, स्वॅबही अजून कामाचा. दोन्ही घ्या.

आठवडा उलटून गेलेला, पण 28 दिवसांच्या आतला: रक्त. आठवड्यानंतर स्वॅबमध्ये विषाणू सापडण्याची शक्यता झपाट्याने घटते. पुरळ काळपट पडून कोंडा निघत असेल तरी आयजीएम मिळतं, त्यामुळे ‘आता बरा झालाय, कशाला टोचता’ हे ऐकून परत फिरू नका.

28 दिवस उलटून गेले: रक्तावरून काही सिद्ध करणं अवघड. अशा घरात मी सुई काढत नाही, आणखी कोणाला पुरळ आलंय का ते विचारतो. बहुतेक वेळा शेजारीच ताजा पेशंट असतो.

दोन डोस झालेल्या पेशंटची गोष्ट थोडी वेगळी. त्याला गोवर झालाच तर लक्षणं सौम्य असतात आणि आयजीएम कधी कधी चढतच नाही. तिथे स्वॅबला जास्त वजन द्या.

लघवीतही विषाणू सापडतो, पण ती सेंट्रिफ्यूज करून खालचा साका वेगळा करावा लागतो. खालच्या पातळीवर ते नीट जमत नाही. वरून सांगितलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

4. साथ असेल तर सगळ्यांना टोचत बसू नका

एकटा-दुकटा संशयित असेल तर प्रत्येकाचा नमुना. पण एका तालुक्यात चार आठवड्यांत 5 किंवा अधिक संशयित आले, किंवा एकही संशयित मृत्यू झाला, तर साथ समजून हालचाल सुरू होते. तेव्हा सुरुवातीच्या 5 ते 10 पेशंटांच्या रक्ताने साथ गोवराची की रुबेलाची हे ठरतं. पुढचे पेशंट प्रयोगशाळेत पक्क्या झालेल्या रुग्णाच्या संपर्कातले असतील आणि पुरळ संपर्कानंतर 7 ते 21 दिवसांत उठलं असेल, तर त्यांना साथीच्या दुव्याने जोडतात, म्हणजे नमुन्याशिवायच त्याच साथीचे धरतात.

त्या पाच-दहांची निवड कशी करावी? पुस्तकात एक ओळ असते, गावात गेल्यावर घोळ होतो. सोपा मार्ग म्हणजे एका घरातली चार भावंडं टोचून कोटा पुरा करणं. ते करू नका. एका घरातल्या चौघांना एकाच मुळातून आलंय, चार नमुन्यांनी एकच उत्तर मिळतं. मी वहीत उभ्या रेघा मारून प्रत्येक संशयिताचं नाव, घर, वय, पुरळाचा दिवस, लस आणि प्रवास लिहितो आणि मगच नावांपुढे खूण करतो. रक्तासाठी चौथा दिवस ओलांडलेले आधी. स्वॅबसाठी पहिल्या पाच दिवसांतले आधी. गल्ल्या वेगवेगळ्या. एखादं नऊ महिन्यांच्या आतलं, एखादं शाळेतलं, मोठं माणूस असेल तर तेही. लस झालेला एखादा जरूर घ्या. बाहेरून आलेला पहिला पेशंट सापडला तर तो सोडूच नका, कारण विषाणूचा जनुकीय प्रकार कळला तर साथ कुठून आली याचा माग लागतो, आणि त्यासाठी स्वॅब लागतो, नुसतं रक्त पुरत नाही.

साथीच्या गडबडीत लसीकरणाची टीमही त्याच दिवशी येते. हा मोठा सापळा आहे. आधी नमुना, मग लस. लसीनेही आयजीएम तयार होतं, आणि रक्तातलं आयजीएम लसीचं की रोगाचं हे एलायझाला ओळखता येत नाही. लस दिल्यावर सात ते चौदा दिवसांत काही मुलांना ताप आणि बारीक पुरळही येतं. त्यामुळे गेल्या चार आठवड्यांत एमआरची (गोवर-रुबेलाची) लस झाली असेल तर तिची तारीख फॉर्मवर ठळक लिहा आणि स्वॅब घ्या. लसीचा विषाणू ‘ए’ प्रकारचा असतो, तो जनुकीय तपासणीत वेगळा पडतो.

5. सामान आणि कागद

निघण्याआधी हे टेबलावर मांडून बघा. तिथे गेल्यावर आठवलं तर घाट उतरून परत यावं लागतं.

- लाल झाकणाच्या प्लेन ट्यूब. जांभळी नको, त्यात ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं आणि सिरम मिळत नाही
- सिरिंज, बारीक सुया, लहान मुलांसाठी स्काल्प व्हेन सेट, टूर्निकेट, स्पिरिट, कापूस, पट्टी
- सिंथेटिक स्वॅब, प्लॅस्टिकच्या काडीचे. कापसाचा, लाकडी काडीचा स्वॅब चालत नाही
- व्हीटीएमच्या (स्वॅबवरचा विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) नळ्या. मुदत बघा, गुलाबी पाणी पिवळं किंवा गढूळ झालं असेल तर टाकून द्या
- स्क्रू झाकणाच्या क्रायोव्हायल (सिरम ठेवायच्या छोट्या नळ्या), पॅराफिल्म, झिपलॉक पिशव्या
- पाण्याने न पुसणारा मार्कर आणि लेबलं
- नमुन्यांसाठी वेगळा व्हॅक्सिन कॅरियर, चार आइस पॅक. लसीच्या कॅरियरमध्ये नमुने घालू नका
- सुया टाकायचा डबा, हातमोजे, एन-95 मास्क
- केस इन्व्हेस्टिगेशन फॉर्म, प्रयोगशाळेचा मागणी फॉर्म, ईपीआयडी क्रमांक (प्रत्येक संशयिताचा वेगळा ओळख क्रमांक)
- मुलाचं लसीकरणाचं कार्ड: आपल्याकडे तायी कार्ड, पलीकडून आलेल्याकडे महाराष्ट्राचं माता-बाल संरक्षण कार्ड. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंची वही

तुमचे स्वतःचे दोन डोस झालेत का, किंवा लहानपणी गोवर झाला होता का, हेही विचारून ठेवा. पेशंट खोलीतून गेल्यावरही हा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणून ताप-पुरळाचं पोर ओपीडीच्या रांगेत बसवू नका, बाहेर सोप्यावर किंवा झाडाखाली बसवा.

6. घरात गेल्यावर

दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला तर समजा, पत्ता बरोबर आहे. आत पोर अंधाऱ्या खोलीत, आणि आज्जी दारात. ‘अंगात देवी असताना सुई टोचू नये’ ही भीती खरी आहे, तिला हसू नका. मी चप्पल बाहेर काढतो, पाणी मागतो आणि आधी विचारतो की पोर काय खातंय. मग सांगतो की हे इंजेक्शन नाही, अंगात काही घालत नाही, थोडं रक्त घेऊन बेळगावला आणि तिथून पुढे पाठवायचंय, म्हणजे शेजारच्या पोरांना वाचवता येईल. ‘शेजारच्या पोरांना’ हे शब्द बहुतेक वेळा काम करतात. नाहीच जमलं तर आशाताईंना पुढे करा, त्या बायकांची बोली आपल्याला यायची नाही.

जाताना डॉक्टरांकडून व्हिटॅमिन ए-चा डोस ठरवून घ्या. सहा महिन्यांच्या आत 50 हजार युनिट, सहा ते अकरा महिने 1 लाख, वर्षावरच्यांना 2 लाख, दोन दिवस लागोपाठ. नुसतं रक्त घेऊन निघून आलो असं घरच्यांना वाटता कामा नये.

घरात गरोदर बाई आहे का ते विचारायला विसरू नका. गोवर निगेटिव्ह आला की त्याच सिरमवर रुबेला तपासतात, आणि रुबेला निघाला तर गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला धोका असतो. ही नोंद फॉर्मवर हवी.

7. रक्त आणि स्वॅब

मोठ्यांचं 5 मिली, लहान मुलांचं 2 ते 3 मिली, तान्ह्याचं 1 मिली मिळालं तरी चालवून घेतात. प्रयोगशाळेला किमान अर्धा मिली सिरम लागतं.

रक्त नळीत जोरात ढकलू नका, सुई काढून नळीच्या कडेने सोडा. नळी हलवू नका. अर्धा ते एक तास सावलीत उभी ठेवा, गुठळी होऊ द्या, मग सेंट्रिफ्यूज. उपकेंद्रात सेंट्रिफ्यूज नसतं. तिथे गुठळी झालेली नळी 4 ते 8 अंशांत ठेवून 24 तासांच्या आत केंद्रावर आणा.

अखंड रक्त कधीही गोठवू नका. पेशी फुटतात, सिरम लाल होतं आणि नमुना नाकारला जातो. माझा एक नमुना असाच गेला. नळी थेट गोठलेल्या आइस पॅकला टेकवून ठेवली होती, आणि उघडली तर आत जांभळासारखं पाणी. तेव्हापासून आइस पॅक बाहेर काढून घाम येईपर्यंत थांबतो आणि नळीभोवती कागद गुंडाळतो.

वेगळं केलेलं सिरम क्रायोव्हायलमध्ये घाला. ते 2 ते 8 अंशांत सात दिवस राहतं. त्याहून उशीर होणार असेल तर उणे 20 ला, पण मग वितळवून पुन्हा गोठवणं नको.

घशाच्या स्वॅबला जीभ दाबून टॉन्सिलच्या मागच्या भिंतीवर नीट घासा. पोराला उबळ आली म्हणजे जागा बरोबर लागली. काडी व्हीटीएममध्ये बुडवून मोडा, झाकण घट्ट लावा. स्वॅब 2 ते 8 अंशांत ठेवून 48 तासांत पोचला पाहिजे. उशीर होणार असेल तर उणे 70 लागतं. उणे 20 च्या साध्या डीप फ्रीजरमध्ये स्वॅब ठेवणं म्हणजे विषाणू मारणं. सिरमचा नियम स्वॅबला लावू नका.

8. नावांचा घोळ

हा आपल्या सीमाभागाचा खास रोग आहे. पेशंट मराठी, फॉर्म इंग्रजी, सिस्टर कन्नड. एकदा ज्ञानेश्वर नावाच्या पोराचा नमुना परत आला. फॉर्म मी भरला होता, इंग्रजीत डी-एन-वाय-ए असं मराठी वळणाने. लेबल सिस्टरनी लिहिलं होतं, जे-एन-ए असं कन्नड वळणाने. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण तिकडे नमुने उघडणाऱ्याला ती दोन वेगळी पोरं वाटली, आणि त्याची काही चूक नाही.

तेव्हापासून नियम केला: फॉर्म आणि लेबल एकाच माणसाने, एकाच बैठकीत, आधारवरचं स्पेलिंग बघून लिहायचं. लेबलवर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, ईपीआयडी क्रमांक, नमुन्याचा प्रकार आणि घेतल्याची तारीख. ‘पाटील, 5 वर्षं’ असं लिहिलंत तर एका गावात सहा निघतील.

पत्त्याचाही घोळ होतो. कर्नाटकातल्या बाचीचा माणूस महाराष्ट्रातल्या शिनोळीला कामाला, चंदगड तालुक्यातला पेशंट बेळगावच्या दवाखान्यात. नमुना आपण घ्यायचा, पण राहण्याचं ठिकाण खरं लिहायचं: गाव, तालुका, जिल्हा, राज्य. गेल्या तीन आठवड्यांत कुठे कुठे गेला होता तेही. मग जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला फोन करून सांगा की हा पेशंट पलीकडचा आहे, म्हणजे तिकडेही कळतं. ‘आपल्या आकड्यात येऊ नये’ म्हणून पेशंट पलीकडे ढकलण्याचा मोह होतो. विषाणूला चेकनाका लागत नाही.

9. पेटी पोचवणं

फॉर्म झिपलॉकमध्ये, नळीपासून वेगळे. नाहीतर बर्फाच्या पाण्यात शाई पसरते आणि पुरळाची तारीख, जिच्यासाठी एवढी आज्जी पटवली, तीच पुसली जाते. नमुना घेतल्यापासून पाच दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं धरून चाला. पेटी शनिवारी संध्याकाळी पाठवू नका, रविवारी घेणारं कोणी आहे का ते फोन करून विचारा.

भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवर जून ते सप्टेंबर ओढे भरले की चालत जावं लागतं. तिथे मी आदल्या दिवशी आशाताईंकडून पेशंटांची यादी आणि पुरळाच्या तारखा फोनवर घेतो, आणि एकाच फेरीत जमेल असे दिवस जुळवतो. खरी गर्दी मात्र जानेवारी ते मे. हाच काळ कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या हंगामाशी जुळतो, म्हणून चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडकडच्या सहकाऱ्यांनी डिसेंबरपासूनच ट्यूब आणि व्हीटीएम मागवून ठेवावं.

10. निकाल आल्यावर

नमुना मिळाल्यापासून चार दिवसांत निकाल द्यायचा असा प्रयोगशाळांचा दंडक आहे. उशीर झाला तर फोन करा, लाजू नका.

निकाल पॉझिटिव्ह असेल तर पुढची यंत्रणा हलते, त्यात तुमचं काम थोडं. निगेटिव्ह असेल तर लगेच वही उघडा आणि रक्त कितव्या दिवशी घेतलं होतं ते बघा. तीन दिवसांच्या आतलं असेल, स्वॅब गेलेला नसेल आणि पोराला बघताना तुमच्या मनात गोवरच होता, तर अठ्ठाविसावा दिवस उलटायच्या आत पुन्हा जा. घरचे म्हणतील, ‘आधीच काय नाही म्हणून सांगितलंत की.’ खरं ते सांगा, की पहिल्यांदा फार लवकर आलो होतो.

त्या चार वर्षांच्या पोरीच्या गल्लीत मी तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा तिचं पुरळ कधीच गेलं होतं. वहीत मोजलं तर तेविसावा दिवस होता. आठ पोरांबरोबर तिचंही रक्त घेतलं, आणि या वेळी पॉझिटिव्ह आलं.